सेझार फ्रांक : मैफलीचा पियानोवादक चर्चमध्ये का गेला?

प्रश्न

नमस्कार. मी मूळचा हिंदुस्थानी संगीताचा श्रोता असून पाश्चात्त्य अभिजात संगीत गेल्या काही वर्षांतच ऐकू लागलो आहे. सेझार फ्रांक यांचा व्हायोलिन आणि पियानोसाठीचा ए मेजर या पट्टीतील सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) प्रथम ऐकला, तेव्हा त्यातील पियानोचा भाग इतका अवघड आणि भरगच्च वाटला की, हा मनुष्य आयुष्यभर मैफली गाजवणारा पियानोवादक असणार, असे मी गृहीत धरले. पुढे वाचनात आले की त्यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे पॅरिसच्या एका चर्चमध्ये काढली. त्यानंतर वसईतील एका मित्राच्या लग्नाच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) ‘पानिस आंजेलिकुस’ हे गीत ऐकले आणि तेही यांचेच निघाले! मैफलीचा वादक, चर्चचा सेवक आणि समूहगानाचा रचनाकार ही तीन माणसे माझ्या मनात एकत्र बसत नाहीत. पियानोवादनात अपयश आले म्हणून ते चर्चकडे गेले, की ती त्यांची स्वतःची निवड होती? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या प्रश्नातील ‘अपयश’ हा शब्द मला थोडा बदलावासा वाटतो, कारण पियानोवादक होण्याची महत्त्वाकांक्षा मुळात फ्रांक यांची नव्हतीच, ती त्यांच्या वडिलांची होती.

फ्रांक यांचा जन्म १० डिसेंबर १८२२ रोजी लिएज येथे झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. वडिलांनी मुलातील गुण लवकर ओळखले आणि तितक्याच लवकर त्यांचा हिशेबही मांडला. १८३५ मध्ये कुटुंब पॅरिसला आले आणि १८३७ मध्ये मुलाला तेथील कॉन्झर्व्हातोआरमध्ये (संगीत विद्यालयात) प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी पियानोच्या स्पर्धेत, पहिल्यांदाच समोर आलेली रचना वाजवताना या मुलाने ती मूळ पट्टीत न वाजवता तिसऱ्या स्वराच्या अंतराने खाली उतरवून वाजवली. पूर्वी कधी न पाहिलेली रचना वाचता वाचता दुसऱ्या पट्टीत वाजवणे किती कठीण आहे, हे हार्मोनियमवर साथ करणाऱ्या कोणालाही समजेल. परीक्षकांनी त्याला नेहमीच्या पहिल्या पारितोषिकाऐवजी एक खास सन्मान दिला. १८४१ मध्ये ऑर्गनच्या (चर्चमधील मोठ्या, नळ्यांच्या वाद्याच्या) स्पर्धेत मात्र त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. वेगवेगळ्या प्रकारे विस्तारण्यासाठी दिलेल्या दोन संकल्पना त्याने एकत्र गुंफून दाखवल्या आणि ते परीक्षकांना नीट उमगले नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते.

१८४२ मध्ये शिक्षण अर्धवट सोडवून वडिलांनी त्याला मैफलींच्या मार्गावर ढकलले. त्यांची जाहिरातबाजी समीक्षकांना खटकत असे आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागे. अखेर १८४६ च्या सुमारास फ्रांक यांनी घर सोडले आणि २२ फेब्रुवारी १८४८ रोजी फेलिसिते देमूसो यांच्याशी विवाह केला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये क्रांतीचा भडका उडालेला असल्याने वऱ्हाड रस्त्यावरील अडथळे ओलांडून चर्चमध्ये पोहोचले, असे सांगतात. मुलीचे आईवडील रंगभूमीवरील नट होते, ही गोष्ट फ्रांक यांच्या वडिलांना कितपत रुचली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

म्हणून मी म्हणेन की ते पियानोपासून दूर गेले नाहीत. वडिलांच्या धंद्यापासून दूर गेले. उपजीविकेसाठी ते शिकवण्या करीत. पहाटे साडेपाचला उठून दोन तास स्वतःच्या लेखनासाठी राखायचे आणि मग दिवसभर पॅरिसभर शिकवण्यांसाठी फिरायचे, हा क्रम त्यांचे शिष्य व्हँसाँ दँदी यांनी नोंदवून ठेवला आहे.

दुसरा प्रतिसाद

मी मुंबईतील एका चर्चच्या गायनवृंदात अनेक वर्षे गात आलो आहे, त्यामुळे चर्चच्या बाजूने थोडी भर घालतो.

१८५८ मध्ये फ्रांक सेंत क्लोतिल्द या नव्या चर्चमध्ये प्रथम गायनवृंदाचे प्रमुख म्हणून आले. १८५९ च्या डिसेंबरमध्ये आरिस्तीद काव्हाये-कोल यांनी बांधलेल्या तेथील मोठ्या ऑर्गनचे उद्घाटन झाले आणि ते त्याचे वादक झाले, ते १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत. हे पद म्हणजे पडती नोकरी होती असे समजू नये. तो ऑर्गन ४६ स्वरसंचांचा (वेगवेगळ्या नादाच्या नळ्यांच्या संचांचा) होता, आणि एकट्या माणसाच्या हातापायांखाली तो वाद्यवृंदाचे रंग आणून देत असे. मिस्सेच्या ओघात धर्मगुरूंचा विधी संपेपर्यंत वादकाला आयत्या वेळी स्वररचना करीत राहावे लागते. आपण ज्याला उपज म्हणतो, तिचा हा रियाज फ्रांक यांना दर रविवारी आणि दर सणाला बत्तीस वर्षे मिळाला. १८६६ मध्ये तेथे त्यांना ऐकून प्रसिद्ध पियानोवादक आणि रचनाकार लिस्ट यांनी त्यांची तुलना थेट बाख या थोर जुन्या रचनाकाराशी केली होती.

‘पानिस आंजेलिकुस’ हे मुळात स्वतंत्र गीत नव्हे. शब्द तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांचे आहेत आणि चाल १८७२ मध्ये फ्रांक यांनी तीन आवाजांसाठीच्या आपल्या जुन्या मिस्सेत (उपासनेसाठीच्या संगीतरचनेत) घातली. मूळ साथ ऑर्गन, हार्प, चेलो आणि डबल बेस यांची आहे. लग्नात आपण ऐकतो ती बहुधा कोणीतरी सोपी केलेली आवृत्ती असते. या गीतात एकाने ओळ सुरू करावी आणि दुसऱ्याने थोड्या अंतराने तीच ओळ म्हणत मागून यावे, अशी कॅननची रचना येते. हे गाताना पहिल्याने जरा जरी घाई केली तरी दुसऱ्याची फरफट होते, हा माझा स्वानुभव आहे.

मात्र त्यांची मोठी समूहगाने तितकी टिकली नाहीत, हे मान्य करावे लागेल. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील आठ ‘धन्य ते’ वचनांवर ‘ले बेआतित्यूद’ ही रचना करण्यात १८६९ ते १८७९ अशी दहा वर्षे गेली आणि तिचा संपूर्ण प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये झाला. त्यात करुणेचे आणि सांत्वनाचे संगीत अप्रतिम आहे. पण सैतान बोलू लागला की तो कोणाला घाबरवत नाही. इतक्या सौम्य माणसाकडून दुष्टपणा लिहून घेणे त्याच्या स्वभावाला धरून नव्हते, असे मला नेहमी वाटते.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एका मुद्द्यावर मी असहमत आहे. फ्रांक यांचा पियानोवादक चर्चमुळे संपला नाही हे खरे, पण तो जसाच्या तसा टिकून राहिला असेही नाही. १८४० च्या दशकानंतर सुमारे चाळीस वर्षे त्यांनी एकल पियानोसाठी महत्त्वाचे असे काहीच लिहिले नाही. १८७९ मध्ये पियानो पंचकाने (पियानो आणि चार तंतुवाद्यांच्या रचनेने) ते पुन्हा या वाद्याकडे वळले आणि १८८४ मध्ये ‘प्रेल्यूद, कोराल ए फ्यूग’ (प्रास्ताविक, चर्चगीताच्या ढंगाचा भाग आणि एकच सुरावट एकामागून एक घेत गुंफलेला भाग) आले, तेव्हा पियानोकडे परतलेला माणूस ऑर्गनवादक झालेला होता.

ही रचना पियानोवर बसून पाहिली की ते हाताला कळते. ऑर्गनवर खर्जाचे स्वर पायांनी वाजतात आणि दोन्ही हात वर मोकळे राहतात. पियानोला ती सोय नाही, म्हणून मधल्या ‘कोराल’ भागात रुंद स्वरसमूह तुटक उलगडत वाजवावे लागतात आणि डावा हात उजव्याला ओलांडून वरचा सूर उचलतो. फ्रांक यांच्या पंजाची पोच दंतकथा वाटावी इतकी मोठी होती. आपल्यासारख्यांनी मात्र येथे पियानोच्या पेडलवर (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीवर) विसंबावे. रचनाकार सेंत-साँस यांनी खवचटपणे म्हटले होते की यातला कोराल हा कोराल नाही आणि फ्यूग हा फ्यूग नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते कदाचित बरोबर असेल, पण ऐकणाऱ्याचे त्यामुळे काहीही बिघडत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या प्रतिसादातील कॅननचे वर्णन वाचून एक शंका आली. सोनाटाच्या शेवटच्या भागात व्हायोलिन पियानोच्या मागून तीच चाल घेऊन येते, तेही हेच आहे का?

दुसरा प्रतिसाद देणारे

होय, अगदी तेच. दोन्हींची पट्टीही ए मेजरच आहे. सोनाटा १८८६ चा आहे, म्हणजे ‘पानिस आंजेलिकुस’नंतर चौदा वर्षांनी, आणि तो व्हायोलिनवादक यूजेन इझाई यांना त्यांच्या लग्नाची भेट म्हणून दिला होता. आपण दोन्ही रचना लागोपाठ ऐकाव्यात. आधी गीत, मग सोनाटाचा फक्त चौथा भाग. आपल्या मित्राच्या लग्नात ऐकलेली आवृत्ती एका आवाजाची असेल तर कॅनन त्यात ठळकपणे ऐकू येईलच असे नाही, म्हणून गायनवृंद असलेले ध्वनिमुद्रण शोधावे.