वेडा राघू बिळात जाईनाच, फोटो कसा काढायचा?

कृष्णाकाठचा_गडी
मंडळी नमस्कार, सांगलीजवळच्या हरिपूरच्या अलीकडं नदीच्या दरडीत वेड्या राघूंची (मधमाश्या खाणारं ते छोटं हिरवं पाखरू) चार-पाच बिळं घावलीत. पाडव्यापासून रोज सकाळी साडेसहाला जाऊन बसतोय, लेन्स लांबचं टिपणारी, १५०-६०० मिमी आहे. चोचीत चतुर धरून पाखरू बाभळीच्या काटकीवर येतं, शेपटी वरखाली करत माझ्याकडं बघत बसतं आणि बिळात काय जात नाही. काल एकानं वीस मिनिटं चतुर तसाच धरला आणि शेवटी स्वतःच गिळला. मी पंधरा फुटांवर असतो, हिरवा टीशर्ट, हालचाल शून्य. आत शिरतानाचा एकच फोटो पाहिजे. अजून काय करू? डहाळ्या लावून लपू का?

घाटावरचा (सातारा)
भावा पंधरा फूट म्हणजे त्याच्या उंबऱ्यात खुर्ची टाकल्यागत झालं. आणि नुसत्या अंतराचं पण नाही ते. पुण्यात जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच पाखरावर प्रयोग केलेत, २००२ ला रिसर्च पेपर आला होता. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण त्याला बीळ दिसतंय अशा जागी असला की राघू आत जायचं टाळतो, बीळ दिसत नाही अशा जागी असला की जास्त वेळा जातो. म्हणजे तुला तिथनं काय दिसतंय ह्याचा हिशोब ते पाखरू करतंय, आणि आपण त्याला वेडा म्हणतोय. तू नेम धरून बरोबर बिळासमोरच बसलायस.

हळदीचं_पेव
दादा, चोचीत खाणं घेऊन येतोय म्हणजे आत बहुतेक पिल्लं आहेत. तो चतुर त्यांचा होता. आमच्या मळीत पण बिळं असतात, हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवासारखंच, तोंड बारीक आणि आत लांब बोगदा, शेवटी नुसत्या मातीवर पांढरी गोल अंडी. पिल्लं बाहेर यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर बिळाचा नाद सोडा आणि काटकी धरा. मधमाशी आणली की तो ती काटकीवर आपटतो, मग घासून घासून नांगी काढतो, ते बघण्यासारखं असतं. ऊन पाठीमागं घ्या, शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या वर ठेवा. आणि जागेचं नाव असं उघड टाकू नका हो, रविवारी दहा कॅमेरे येतील.

नियमवाला
१९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटी-अंडी डिस्टर्ब करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. लक्षात असू द्या.

वाळवा_एक्सप्रेस
व्वा, आमच्याकडं ट्रॅक्टर लावून आख्खी दरड उपसून नेतात, बिळासकट, तवा कायदा झोपलेला असतो आणि आम्ही कॅमेरा काढला की उठतो 😀

नियमवाला
तो राग बरोबर आहे, पण म्हणून हे चालतंय असं होत नाही.

कृष्णाकाठचा_गडी
ताई बरोबर, जागेचं नाव काढायला पाहिजे पण आता एडिट होईना. आज दरडीच्या वरच्या अंगाला साठेक फुटांवर बसलो, तिथनं बीळ दिसतच नाही, फक्त काटकी दिसते. सात मिनिटांत गडी खाली गेला, रिकाम्या चोचीनं वर आला, तासाभरात नऊ फेऱ्या मोजल्या. इतके दिवस मी पिल्लांचं ताट अडवून बसलो होतो म्हणायचं. मधमाशी आपटतानाचे चाळीस फोटो काढले, एक बरा आलाय, त्यात पण राघूचं डोकं काटकीमागं.