सेलिया क्रूझचं शिखर कोणतं: हवानाच्या तबकड्या की न्यूयॉर्कच्या एलपी?

(चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. एलपी म्हणजे लाँग-प्ले तबकडी.)

तबकडी

क्यूबन गायिका सेलिया क्रूझचं नाव निघालं की बहुतेकांना १९७४ नंतरचा साल्सा (क्यूबन लयींवर न्यूयॉर्कमध्ये घडलेलं नृत्यसंगीत) आठवतो. माझं मत वेगळं आहे. तिची गायकी १९५० ते १९६५ या पंधरा वर्षांत, सोनोरा मातान्सेरा या वाद्यवृंदाबरोबर पूर्ण घडली. पुढची अडतीस वर्षं ती त्याच पुंजीवर गायली.

ती १९५० मध्ये या वाद्यवृंदात आधीची गायिका मिर्ता सिल्वाच्या जागी आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सीको कंपनीसाठी पहिली तबकडी भरली: एका बाजूला 'काओ काओ मानी पिकाओ', दुसऱ्या बाजूला 'माता सिगुआराया'. बाईच्या आवाजातली गुआराचा (जलद, गमतीदार क्यूबन गाणं) खपणार नाही, असं सीकोच्या सिडनी सीगेल यांना वाटत होतं. वाद्यवृंदाचे प्रमुख रोहेलिओ मार्तिनेस मागे हटले नाहीत, आणि ते बरोबर ठरले.

दहा इंची, मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात ट्रंपेटची सुरावट, कडवं, मधला तुकडा, मग मोंतुनो (म्हणजे कोरस आणि गायिकेची आलटूनपालटून चालणारी फेक) आणि शेवट. गायिकेच्या वाट्याला मोंतुनोत मोजक्याच फेऱ्या येतात, त्यामुळे एकही फेरी वाया घालवता येत नाही. वाद्यंही मोजकी: दोन ट्रंपेट (कालिस्तो लेइसेआ आणि पेद्रो नाइट), लिनो फ्रियासचा पियानो, गिटार, बास, काँगा (उंच ढोल), छोटे तिंबालेस (काठ्यांनी वाजवायचे ढोल), माराकास (खुळखुळे). कोरसमध्ये वाद्यवृंदातल्याच काइतोचा बारीक, चढा आवाज. त्या बारीक आवाजाखाली सेलियाचा खर्जाकडे झुकणारा भारदस्त आवाज उठून दिसतो, कारण त्या पट्ट्यात दुसरं कोणी घुसतच नाही. सेवेरिनो रामोस यांची वाद्यरचना अशी की ती तोंड उघडते तिथे ट्रंपेट थांबतात.

शिवाय विविधता पाहा. 'बुरुंदांगा'सारखी धावती गाणी, बोलेरो (संथ प्रेमगीतं), मांबो आणि चा-चा-चा ही नाचाची गाणी, आणि 'गेदे झाइना' तर हैतीच्या क्रिओल भाषेत. पावणेदोनशेहून जास्त गाणी आहेत या काळातली. यापुढे नंतरचं काय उभं राहतं, ते सांगा.

मोंतुनो

पूर्ण असहमत. तीन मिनिटांची मर्यादा ही कंपनीची अडचण होती, तिचा गुण कसा मानायचा? मोंतुनोत गायिका तापायला लागते आणि तबकडी संपते. शाहीर आणि झीलकरी यांचा मामला डोळ्यांपुढे आणा. झीलकरी तीच ओळ धरून ठेवतात, शाहीर दर वेळी नवं काही घालतो. इथे झीलकऱ्यांच्या जागी कोरो, आणि शाहिराच्या तात्काळ फेकीला सोनेओ म्हणतात. शाहिराला पाचव्या फेरीला गप्प केलं तर त्याची खरी ताकद कळणार कशी?

'सेलिया अँड जॉनी' (१९७४, वाया कंपनी) ही एलपी लावा. पहिलंच गाणं 'किंबारा', ज्युनिअर सेपेदा या तरुण पोर्तोरिकन रचनाकाराचं, पाचेक मिनिटांचं. सुरुवातीला स्वरापेक्षा बोलच जास्त आहेत: क, ब, म या अक्षरांचे आघात, पखवाजाचे बोल म्हणावेत तसे, आणि बरेचसे मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मध्ये. त्यानंतर मोंतुनो उघडतो आणि ती त्यात निवांत मुक्काम करते. पियानोवर पापो लुक्का. नावातला जॉनी म्हणजे वाद्यवृंदप्रमुख जॉनी पाचेको; त्याच्या संचात त्रेस हे तीन जोडतारांचं क्यूबन वाद्यही आहे, ते पियानोच्या वरच्या अंगाला खणखणीत गुंफण करतं. तालवाद्यांचे मायक्रोफोन जवळ असल्याने काँग्याच्या कातड्यावर तळवा पडला की बोटं पडली, हेही कळतं. हवानातल्या मोजक्या मायक्रोफोनांवर ते कळणं शक्य नव्हतं.

त्याच एलपीवर 'तोरो माता' आहे, पेरूच्या आफ्रिकी वंशीयांचा लांदो हा नृत्यगीताचा प्रकार. १९७७ ला ट्रॉम्बोनवादक विली कोलोनबरोबर तिने ब्राझीलचं 'उस्तेद आबुसो' ट्रॉम्बोनांच्या साथीने गायलं. ही काय जुनी पुंजी आहे? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनसूचीत 'सेलिया अँड जॉनी' घेतलं आहे, ते उगाच नाही.

आणखी एक. १९६६ पासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती तीको कंपनीत होती. टिटो पुएन्तेसारखा वाद्यवृंदप्रमुख साथीला, आवाज ऐन भरात, तरी त्या एलपी चालल्या नाहीत. पन्नासच्या दशकाची पुंजी पुरेशी असती तर तेव्हाच चालल्या असत्या. १९७४ ला काहीतरी नवं घडलं, म्हणून तरुण श्रोता वळला.

तबकडी

तीकोचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. त्या एलपी का पडल्या? एक तर न्यूयॉर्कच्या तरुणांत तेव्हा बुगालू या लॅटिन आणि सोल मिसळलेल्या नृत्यसंगीताची हवा होती. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: पुएन्तेचा संच मोठा. सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ट्रंपेट अशी जाड पितळी भिंत. सेलियाचा आवाज काँट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सर्वांत खालचा. टेनॉर सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन त्याच पट्ट्यात वाजतात. दोघं एकाच जागेवर उभे राहिले की आवाज झाकला जातो. मग तिला सतत जोर लावून वर यावं लागतं आणि बारकावे जातात.

आता पाचेकोने काय केलं? १९६४ पासूनच त्याचा संच सोनोरा मातान्सेराच्या धर्तीवर होता: दोन ट्रंपेट, मोकळी जागा, बारीक कोरस. सेलियाला त्याने तिच्या जुन्या घरात परत नेलं, एवढंच. तुम्ही ज्याला नवं म्हणता ते माझ्या तबकड्यांचं चांगल्या मायक्रोफोनवर केलेलं पुनर्मुद्रण आहे.

झीलकरी

दोघंही वाद्यांचं बोलताय, लयीचं कोणी बोलत नाही. फरक तिथेच आहे.

क्लावे, म्हणजे क्यूबन संगीताचा पाच ठोक्यांचा मूळ नमुना, मोजून घ्या. सोन आणि रुंबा या क्यूबन संगीतप्रकारांवरून त्याचे दोन भेद आहेत. दोन आवर्तनं मिळून १६ खाने धरले तर सोन क्लावेचे (तीन-दोन) पाच ठोके १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतात. रुंबा क्लावेत तिसरा ठोका एक खाना सरकून ८ वर जातो, बाकी तेच. सारं गाणं या सांगाड्यावर टांगलेलं असतं. आपल्या कानाची अडचण अशी की आपण सम शोधतो, आणि ती बासवर शोधतो. इथला बास पहिल्या मात्रेवर बहुधा गप्पच असतो. तो चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धावर आणि चौथ्यावर वाजतो, आणि चौथ्यावरचा सूर पुढच्या आवर्तनाचा असतो. बासला सम मानलं की पूर्ण आवर्तन सरकतं आणि टाळी उलटी पडते. त्याऐवजी मोंतुनोत हातघंटेचा जाड, उघडा ठोका धरा. तो १ आणि ३ वर असतो. तो सापडला की मग पाच ठोके टेबलावर वाजवून पाहा.

(अवांतर: बोंगो मराठी कानाला परका नाही. सी. रामचंद्र आणि ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या 'अलबेला'त तो वाजवून घेतला होता, म्हणजे सेलियाच्या पहिल्या तबकड्या निघाल्या त्याच सुमारास. पण तिथे तो आपल्या ठेक्याच्या चौकटीत बसला, क्लावे आली नाही.)

हे कान तयार करून ऐकलं तर मला असं दिसतं: पन्नासच्या दशकात ती चालीला धरून गाते, ओळ आवर्तनात संपवते. सत्तरच्या दशकात ती कोरोची शेवटची अक्षरं हवेत असतानाच शिरते, ओळ आवर्तनावरून पलीकडे नेते आणि नेमक्या ठोक्यावर टेकवते. हे चांगल्या मायक्रोफोनने होत नाही. त्यामुळे सोनेओपुरता मी मोंतुनो यांच्या बाजूने. बोलेरोंत मात्र तबकडी यांचं म्हणणं मान्य, नंतरच्या तिच्या बोलेरोंत तेवढा संयम मला सापडत नाही.

सांजसूर

१९७७ वर येऊन सगळे थांबले, म्हणून लिहिते. सेलिया १९२५ ची. 'ला विदा एस उन कार्नावाल' आलं १९९८ ला, तेव्हा ती ७२ वर्षांची. 'ला नेग्रा तिएने तुंबाओ' आलं २००१ ला, निर्माता सेर्हिओ जॉर्ज, साल्सात रॅप आणि हिप-हॉपचा ठेका मिसळलेला. त्या अल्बमला लॅटिन ग्रॅमी मिळालं. १९८८ च्या काँगावादक रे बारेत्तोबरोबरच्या 'रित्मो एन एल कोरासोन'लाही पुढे ग्रॅमी मिळालं होतं. वयाच्या सत्तरीनंतर स्वतःचं सर्वांत जास्त ऐकलं जाणारं गाणं देणारे गायक किती आहेत?

आणि हे पुंजीवर गाणं नाही, नवं तंत्र आहे. वय झालं की श्वास आखूड होतो. तिने काय केलं, ते 'कार्नावाल'मध्ये ऐका. एका श्वासात किती शब्द आहेत ते मोजा, मग 'किंबारा'त मोजा. लांब ताणलेले सूर कमी केले, ओळी तोडल्या, आणि प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या व्यंजनावर वजन टाकलं. आवाज गडद आणि खरखरीत झाला होता, तो लपवला नाही. गाण्याचा अर्थच त्यावर उभा आहे. 'दुःख आहे पण ते सरतं' हे पंचविशीच्या आवाजात सांगितलं असतं तर कोणाला पटलं असतं?

शेवटचा 'रेगालो देल आल्मा' तर डिसेंबर २००२ मधल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ध्वनिमुद्रित झाला. १६ जुलै २००३ ला ती गेली आणि तो त्यानंतर बाजारात आला. त्यातलं 'रिए इ योरा' नीट ऐका, मग पुंजीवर गायली असं म्हणा.

मोंतुनो

'कार्नावाल' मान्य, तिथे खरा संच वाजतोय. २००१ चं मान्य नाही. हिप-हॉपचा ठेका पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने चालतो. क्लावेत ठोक्यांइतकीच मधली रिकामी जागाही बोलते. ती बुजली की सोनेओला टेकायला जागाच उरत नाही. तिने ते गाणं तारलं, पण ठेक्याने तिला काही दिलं नाही.

एकमार्गी

वाद पुढे नेण्याआधी कोणती प्रत ऐकताय ते तपासा. सीकोच्या तबकड्या एकमार्गी, म्हणजे मोनो होत्या. पुढे त्यांचं कृत्रिम स्टिरिओ करून एलपी आणि सीडी विकल्या गेल्या. कृतीचे दोन प्रकार असतात: एका बाजूला खालचे सूर आणि दुसऱ्या बाजूला वरचे, किंवा एका बाजूला अगदी किंचित विलंब. ओळखायचं कसं? हेडफोनवर सेलियाचा आवाज मधोमध न राहता पसरट वाटतो, ट्रंपेट एका कानात सिसकारतात. उपाय प्रकारानुसार: सूर विभागलेले असतील तर ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबून दोन्ही एकत्र करा. विलंब असेल तर एकत्र करू नका. काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. तिथे एकच बाजू घ्या आणि तीच दोन्ही स्पीकरना द्या.

मूळ ७८ ची तबकडी हाती असेल तर एलपीची सुई लावू नका. एलपीची साधारण ०.७ ते १ मिल (इंचाचा हजारावा भाग), ७८ ची ३ मिल. बारीक सुई चरीच्या तळाला घासत जाते आणि खरखरच जास्त येते. शिवाय १९५४ च्या आसपास रिआ ही समान वक्ररेषा रूढ झाली, म्हणजे तबकडीत खालचे आणि वरचे सूर किती जोराने भरायचे याचं एकच प्रमाण. त्याआधीच्या तबकड्यांचे चढउतार वेगळे, त्या रिआवर वाजवल्या की आवाजाचा समतोल बिघडतो. तिचा खालचा पट्टा कमजोर वाटला, तर दोष तिच्यावर टाकण्याआधी हे पाहा.

सालांवरही भरवसा नको. सीकोच्या एलपी मुळात आधी निघालेल्या तबकड्यांचे संच आहेत, आणि १९६० ला तिने क्यूबा सोडल्यावरही जुना माल नव्या वेष्टनात येत राहिला. गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर तर पुनर्प्रकाशनाचं साल मूळ साल म्हणून दिसतं. पंधरा वर्षांत गायकी कशी बदलली हे ठरवायचं असेल तर मूळ तबकडीचा क्रमांक शोधा.

नवी श्रोती

यातलं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. कोणत्या क्रमाने ऐकू म्हणजे तुमचा वाद कळेल?

तबकडी

चार पुरेत. 'बुरुंदांगा', मग १९६६ चं 'बेम्बा कोलोरा', मग 'किंबारा', शेवटी 'कार्नावाल'. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका, फक्त कोरो कुठे सुरू होतो आणि त्यानंतर तिला किती फेऱ्या मिळतात ते कागदावर मांडा. दुसऱ्यांदा ट्रंपेट कुठे थांबतात ते पाहा.

एकमार्गी, तुमचा मुद्दा लागू आहे. माझ्याकडची 'माता सिगुआराया'ची प्रत पसरट आहे, तिच्यावरून बोलायला नको होतं. झीलकरी यांचं आवर्तनापलीकडे ओळ नेण्याचंही मला खोडता येत नाही. पण पाचेकोच्या संचाची मुळं मातान्सेरात आहेत, यावर मी ठाम आहे.

मोंतुनो

मुळं मान्य. 'बेम्बा कोलोरा' मध्ये ठेवलंत ते फार बरं केलंत. ते तीकोचं गाणं आहे, तुमच्याच हिशेबाने पडलेल्या काळातलं. त्याचा कोरो मोजून पाहा: आखूड, ठाशीव, पुन्हा पुन्हा येणारा, आणि तिच्या फेऱ्या ७८ च्या तबकडीत मावणार नाहीत इतक्या. १९७४ ची तयारी तिथे सुरू झाली आहे, हवानात नाही.