मदत हवी आहे: अथेन्सहून क्रीटला रात्रीच्या बोटीने, गाडीसकट आणि कमी खर्चात

नमस्कार मंडळी,

मेच्या सुट्टीत ग्रीसला जायचं चाललंय. मी, बायको, आई (वय ६९) आणि आठ वर्षांचा मुलगा. अथेन्सला भाड्याची गाडी घ्यायची, पिरेयस बंदरात ती बोटीत चढवायची आणि सकाळी क्रीटमध्ये हेराक्लिऑनला उतरायचं, असा बेत आहे. बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते, सकाळी सहाच्या आसपास पोचते. एका रात्रीचं हॉटेल वाचतं. हिशेब पुणेरी आहे, लपवत नाही.

गाडी बोटीत घालायचा माझा अनुभव दाभोळ-धोपावे आणि वेसवी-बागमांडल्यापुरता. तिथे गाडीतच बसून राहिलं तरी चालतं. इथेही सीट मागे करून गाडीत झोपता येईल का? मग डेकचं, म्हणजे राखीव जागा नसलेलं, सगळ्यात स्वस्त तिकीट पुरेल. नाहीतर खुर्च्यांचा हॉल घ्यावा की केबिन? आईचे गुडघे दुखतात. 'त्यापेक्षा क्रूझ करा' हा सल्ला कृपया नको.

डेक्कनकर:
गाडीत झोपायचं डोक्यातून काढा. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, बंदर येईपर्यंत खाली सोडत नाहीत. औषधं, स्वेटर, टूथब्रश एका पिशवीत घालून वर न्या. हँडब्रेक ओढा आणि गाडीचा अलार्म बंद करा, नाहीतर बोट हलली की रात्रभर कोकलत बसतो. बऱ्याचदा गाडी फक्त चालकाने आत न्यायची असते, बाकीच्यांनी पायी चढायचं. तेव्हा आईंच्या सोबतीला वहिनी हव्यात.
खुर्च्यांच्या हॉलमध्ये एसी मरणाचा असतो. दिवे पूर्ण मालवत नाहीत, टीव्ही चालू. मुरलेले प्रवासी खुर्ची सोडून खाली जमिनीवर पथारी पसरतात. आपण तरुणपणी केलं असतं, आईंना नको.

सिंहगडरोडवासी:
मला मूळ प्रश्नच पटला नाही. गाडी न्यायचीच कशाला? अथेन्सच्या विमानतळापासून पिरेयसपर्यंत २०२२पासून थेट मेट्रो आहे. अ‍ॅक्रोपोलिसच्या आसपास गाडी म्हणजे पार्किंगची डोकेदुखी, लक्ष्मी रोडला शनिवारी संध्याकाळी जाण्यासारखं. गाडीचं बोटीचं तिकीट माणसांपेक्षा वेगळं लागतं. शिवाय भाड्याची गाडी बोटीत न्यायला कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि बोटीवर असताना झालेलं नुकसान विम्यात सहसा धरत नाहीत. रॅम्पवर घासली तर भुर्दंड तुमच्या माथी. पायी चढा, गाडी हेराक्लिऑनला घ्या आणि वाचलेल्या पैशात केबिन करा.
फक्त एक, सकाळी सहाला गाडीवाल्याचं ऑफिस उघडं असेल असं धरून चालू नका, बुकिंग करतानाच विचारा.

मीनलताई:
वरच्यांना +१. आख्खी चार बर्थची केबिन परवडत नसेल तर नुसता बर्थही मिळतो. त्या केबिन बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या असतात. तुम्ही दोघी-दोघं असे विभागू शकता, पण आधी आख्ख्या केबिनचा भाव बघा. चौघांत फरक फार पडत नाही. खिडकी नसलेली घ्या, रात्री समुद्र दिसतो कुठे! खालचा बर्थ आईंना. मुलाला पाच ते दहा वयोगटाचं अर्धं तिकीट लागेल.
आणि १ मे टाळा. कामगार दिनाला तिकडे बोटींचा संप बहुधा असतोच.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. गाडी बोटीत न्यायचं रद्द. मग आता आंतरराष्ट्रीय लायसन्सची गरज उरली का?

डेक्कनकर:
हो तर! क्रीटमध्ये गाडी चालवणार ना? भारतीय लायसन्सवाल्यांना ते लागतंच. सारथी पोर्टलवर अर्ज करा, फी १००० रुपये, वर्षभर चालतं. पासपोर्टची प्रत लागते. व्हिसाची अट २०२१मध्ये काढली, म्हणून व्हिसाची वाट न बघता लगेच संगम पुलाजवळचं आरटीओ गाठा. आणि तिकडे उजवीकडून गाडी चालवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका. क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष हेराक्लिऑनपासून पाचेक किलोमीटरवर आहेत, तिथे सिटी बसनेच जा.

धागाकर्ता:
ठीक. चार बर्थची, बिनखिडकीची केबिन बघतो. मीनलताई, रात्रीच्या जेवणाला डबा चालतो का बोटीवर?

मीनलताई:
खुशाल न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लसूण मात्र बेताचा घाला, केबिन बंद असते.