विषय: ज्यू पद्धतीने माती द्यायची आहे, फ्युनरल होमला आधी काय विचारायचं?

नमस्कार मंडळी,

मन घट्ट करून लिहितेय. आमचे हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सासूबाई मूळच्या रेवदंड्याच्या, दोन महिन्यांपासून आमच्याकडेच हॉस्पिस केअरमध्ये आहेत. काल नर्सने सांगितलं, आता आठवडाभर धरून चाला. मी चिपळूणची, आमच्यात अग्नी देतात, यांच्यात माती, आणि ह्यांना सध्या काहीच सुचत नाहीये. इथे बे एरियात कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा. ऐनवेळी फोनवर कोणीतरी काहीतरी गळ्यात मारेल अशी भीती वाटते.

– फ्रीमाँटहून

*

ताई,

तुमची मेल वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. माझी आई गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली, गुरुवारी रात्री. आम्ही नवगावच्या बाजूचे. जे आम्हाला कळायला दोन दिवस लागले ते तुम्हाला आजच सांगते.

आधी फोन करा, आजच करा, त्यात काही अशुभ नाही. आम्ही घाबरून घराजवळच्या साध्या फ्युनरल होमला फोन केला, तर तो माणूस एम्बामिंग (देह टिकवायला रसायनं भरणं), व्ह्यूइंग (देह दर्शनाला ठेवणं), चकचकीत मेटलची पेटी असं सगळं पॅकेजच वाचायला लागला. यातलं काहीच आपल्याला लागत नाही. एम्बामिंग आपल्याकडे करतच नाहीत आणि कायद्यानेही ते सहसा सक्तीचं नसतं. पेटी साधी लाकडी, खिळासुद्धा लोखंडाचा नको, म्हणजे मातीला माती मिळते. 1984 पासून अमेरिकेत फ्युनरल रूल आहे, त्यामुळे फोनवर दर विचारले तर त्यांना सांगावेच लागतात, समोर गेलात की छापील दरपत्रक हातात द्यावं लागतं, आणि पेटी बाहेरून आणली तर त्याचा वेगळा चार्ज लावता येत नाही. हे मला माहीत असतं तर पहिल्या फोनवर मी रडले नसते.

मग ज्यू मॉर्चुअरीला फोन केला. बाई गोड बोलली, पण सगळं ठरत आल्यावर म्हणाली, तुम्ही इंडियन ना, मग आई ज्यू होत्या याचा काही कागद आहे का? आई आत गेलेली, बाबा खुर्चीत बसलेले, आणि मी फोन धरून उभी. ज्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या कोकणात घाणे चालवताना शनिवार पाळला, ज्यांना गाव शनिवार तेली म्हणूनच ओळखायचं, त्यांना पुरावा मागतात. इस्राएलमध्येही आपल्या लोकांना 1964 पर्यंत यासाठी भांडावं लागलं, बाबांनी तेव्हाच्या गोष्टी शंभर वेळा सांगितल्यात. त्या रात्री मात्र ते काहीच बोलले नाहीत, उठले आणि बॅगेतून केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, काढून आणला, मुंबईतल्या मांडवीच्या जुन्या मशिदीतला (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात), शार हारहमीमचा. शिवाय भावाच्या फोनमध्ये आजोबांच्या कबरीचा फोटो होता, दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी. दोन्ही पाठवल्यावर ती बाई गप्पच झाली, मग सॉरी म्हणाली. म्हणून ताई, सासूबाईंचा केतुबा किंवा तसला काही कागद आत्ताच शोधून ठेवा. आणि त्यांचं हिब्रू नाव, वडिलांच्या नावासकट, लिहून घ्या, तहाराच्या प्रार्थनेत लागतं.

तहारा म्हणजे अंघोळ, ती हेव्रा कदीशाच्या, म्हणजे अंत्यविधीची सेवा करणाऱ्या ज्यू मंडळाच्या बायकाच करतात, आपण आत जात नाही. पाणी ओतून शुद्ध करतात, मग पांढरे सुती कपडे, ज्यांना खिसा नसतो. नेलपॉलिश, दागिने सगळं काढतात. आईचं मंगळसूत्र त्यांनी छोट्या पांढऱ्या पाकिटात घालून बाबांच्या हातात दिलं. एक बाई हळूच विचारत होती हे काळे मणी कसले, मी सांगितलं आमच्यात लग्नात घालतात, तर तिने पाकीट पुन्हा उघडून पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. रात्रभर कोणीतरी शेजारी बसून तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचत होतं, एकटं ठेवत नाहीत.

शनिवारी माती देता येत नाही. शुक्रवारी काउंटीचं परमिट वेळेत मिळालं नाही, त्यामुळे रविवार झाला, आणि तोपर्यंत अश्दोदहून भाऊ पोचला. तिकडे पेटीशिवाय फक्त कफनात पुरतात, इथल्या सिमेटरीत पेटी हवीच म्हणाले, वर कबरीत सिमेंटचं लायनर, म्हणजे पेटीभोवतीचं आवरण. भावाला फार लागलं ते. मग तळाला भोकं असलेली पेटी घेतली आणि भावाने जेरुसलेमहून आणलेली मूठभर माती आत घातली. रविवारी कबर उघडायचे जादा पैसे लागतात, तेही आधी विचारून ठेवा.

– सनीवेलहून

*

वहिनी, मी त्या रविवारी होतो म्हणून आपल्या बाकीच्या मंडळींसाठी लिहितो.

फुलं नेऊ नका. मी मोठा गुच्छ घेऊन गेलो होतो, शेवटी गाडीतच ठेवला. कद्दीशला, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेला, दहा ज्यू माणसं लागतात, आपण मोजणीत नसतो, पण नुसतं उभं राहिलो तरी घरच्यांना धीर येतो. माती सगळे लोटतात, पहिल्यांदा फावडं उलटं धरून, म्हणजे घाई नाही असं दाखवायला, आणि एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, मातीत रोवून ठेवायचं मग पुढचा उचलतो. निघताना हात धुवायचे.

आणि परत आल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी करायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं, उकडलेली अंडी आणि मसूर. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात जातो, अगदी तसंच. माझ्या बायकोने नव्या फॉइलच्या ट्रेमधून मसूरची आमटी नेली होती, भांड्यांचा प्रश्न यायला नको म्हणून. वहिनी, तुमच्याकडेही आम्हीच आणणार. सात दिवसांचा शिव्वा, म्हणजे घरात बसून शोक पाळणं, असतो, रोज कोण काय आणेल ते मी ठरवतो, तुम्ही त्यात पडूच नका.

– तुमचा एक शेजारी

*

काका, ताई, काय बोलू.

केतुबा सापडला, त्यांच्या कपाटात नऊवारीच्या घडीखाली. हिब्रू नाव मी त्यांनाच विचारलं, भीत भीत. त्यांना कळलं कशासाठी विचारतेय. हसल्या, दोनदा सावकाश सांगितलं, मी पाकिटाच्या मागे देवनागरीत लिहून घेतलं, मग म्हणाल्या शेमा, आमची मुख्य प्रार्थना, ती पण लिही, सहाच शब्द आहेत, हा रडायला लागला तर तू म्हण. मी लिहिलेत. सकाळी नऊला फोन करतेय मॉर्चुअरीला.