मदत हवी आहे: १९५०च्या वर्ल्डकपबद्दल जुनी मराठी वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी, १९५०च्या ब्राझीलमधल्या फुटबॉल वर्ल्डकपला भारत पात्र होऊनही गेला नाही, त्याबद्दल मी माहिती गोळा करतोय. पात्रता फेरीतून ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स बाहेर पडले आणि आपल्याला एकही मॅच न खेळता जागा मिळाली, ग्रुपही कसला तर इटली, स्वीडन आणि पॅराग्वे! आणि आपण ऐनवेळी माघार घेतली.

अनवाणी खेळायची परवानगी नव्हती म्हणून गेलो नाही ही गोष्ट सगळीकडे ठोकून सांगतात, १९४८च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच खेळाडू खरंच बुटांशिवाय खेळले आणि फ्रान्सकडून फक्त २-१ हरले त्यामुळे ती पटतेही पटकन. पण आपल्या फुटबॉल फेडरेशनने तेव्हा दिलेली कारणं वेगळी होती, सरावाला वेळ कमी आणि टीम निवडीवरून मतभेद, शिवाय त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकलाच जास्त मान होता. मला ही कारणं जास्त खरी वाटतात. पुढच्याच वर्षी दिल्लीत एशियन गेम्सचं गोल्ड जिंकलेली टीम होती हो ही, म्हणून फार हळहळ वाटते.

तर १९५०च्या मे ते जुलैमधली मराठी वर्तमानपत्रं मुंबई-पुण्यात कुठल्या ग्रंथालयात बघू देतात, मेंबरशिप लागते का, फोटो काढता येतात का? आणि कोणाच्या घरी तेव्हा रोव्हर्स कप (मुंबईतली जुनी फुटबॉल स्पर्धा) बघायला जाणारे आजोबा असतील तर प्लीज त्यांना विचारा ना, या माघारीची तेव्हा मुंबईत काही चर्चा झाली होती का.