लिफ्टनंतरचा खडखडाट: शॉकअपला इतक्यात दोष नको

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग) बसवल्यापासून गाडी खडखडते, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर दोघांनी ‘शॉकअप (चाकांचे धक्के शोषणारा भाग) बदलून टाका’ असं सुचवलंय. पण दोन इंचांचं लिफ्ट किट बसवून महिनाच झालाय ना? मग नव्या शॉकअपवर एवढ्यात आळ नको.

आधी आवाज नेमका कोणता ते बघा. ठाण्यातल्या गायमुखच्या खड्ड्यांत हळू जाताना, एकच चाक खाली गेलं की ‘टक-टक’ होत असेल, तर माझा पहिला संशय अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीला झुकू न देणारा दांडा) लिंकवर, म्हणजे त्याच्या टोकांच्या जोडदांड्यांवर. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून सोसायटीच्या आवारातच गाडी सावकाश फिरवा. आवाज गेला तर चोर सापडला. (लिंक सोडून घोडबंदर रोडला भरधाव जाऊ नका, वळणावर गाडी झुकते.)

स्पीडब्रेकरवरून उतरताना, चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा ‘टण्’ वाजत असेल, तर पुढच्या चाकाचा वरचा आर्म (चाक गाडीला जोडणारा दांडा) स्प्रिंगला घासतोय का पाहा. रंग उडालेला दिसतो, टॉर्च पुरते.

मागून करकर येत असेल तर पाट्यांचे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे. माझ्या व्ही-क्रॉसला (इसुझूची पिकअप) हेच झालं होतं. गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले होते. चाकं जमिनीवर टेकल्यावर बुश कायमचे पिळलेले राहिले, रबर फाटलं. बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर ठेवून पुन्हा आवळायचे. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही बघा, नवे पाटे बसले की ते हमखास ढिले पडतात.

आवाज पुढून येतोय की मागून, तेवढं कळवा.