मदत हवी आहे: क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलखाली चर पडला आहे

माझ्या मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ऑइल गळत होते. वरून ओघळ येत असावा म्हणून आधी टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलले आणि क्रँककेसमध्ये दाब साचू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्हही नवा घातला, परंतु गळती थांबली नाही. शेवटी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवल्यावर क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलच्या खालच्या अर्ध्या भागातूनच ऑइल येत असल्याचे स्पष्ट दिसले. ते गिअरबॉक्सचे नाही, इंजिनचेच आहे. वास आणि रंग दोन्ही तपासले आहेत.

जुने सील शाफ्टला ओरखडा न पाडता निघाले (याचीच सर्वांत जास्त धास्ती होती), मात्र सीलची कड जिथे टेकते तिथे शाफ्टवर नखाला जाणवेल असा चर पडला आहे. नवे सील साध्या रबरी कडेचे आहे, पीटीएफईचे (टेफ्लॉनचे, जे कोरडेच बसवतात) नाही, त्यामुळे ते ऑइल लावूनच बसवणार आहे. हाऊसिंगमध्ये सील थोडे मागेपुढे बसवण्याइतकी जागा आहे. इंजिन उतरवून शाफ्ट ग्राइंड करणे मला शक्य नाही आणि एवढी खोलाखोल पुन्हा करण्याची इच्छाही नाही.

अशा स्थितीत सील एक-दोन मिलिमीटर बाहेर ठेवून त्याची कड चर नसलेल्या भागावर आणणे पुरेसे ठरेल, की शाफ्टवर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह (चर झाकणारी धातूची नळी) चढवणेच योग्य? आणि स्लीव्ह चढवल्यास मूळ मापाचेच सील चालेल का?